शटल ध्वजाला लागल्यास गुण कोणाचा

मांजरी बुद्रुक, पुणे
दि. २३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय यमुनाअक्का यांना भीमराव ओव्हाळ याचा सविनय जय भीम.

सर्वप्रथम आपल्या उजव्या गुडघ्याची विचारपूस करतो. डॉक्टरांनी जिने चढू नका असे बजावले, आणि त्यावर आपण त्यांना ‘मग दवाखाना वरच्या मजल्यावर कशाला थाटलाय’ असे विचारलेत, हे सूनबाईंकडून कळले. प्रश्न रास्त आहे. त्यांचे उत्तर आले असल्यास कळवावे. माझी प्रकृती ठीक आहे. वरण जमते, भात जमतो, भाकरीला मात्र अद्याप कोणताही एक आकार मान्य झालेला नाही. शरयूच्या पुण्यानुमोदनाला, धाकट्या बहिणीला निरोप द्यायला, आपण येऊन गेलात, त्यानंतर आपली भेट नाही. फोन असताना पत्र कशासाठी, असे आपल्या मनात येईल. आपण फोनवर आपले सांगून झाले की तो ठेवता, आणि मला जे सांगायचे आहे ते प्रस्तावनेशिवाय सांगण्यासारखे नाही, म्हणून हा मार्ग पत्करला आहे.

आमच्या सोसायटीत दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बॅडमिंटनच्या स्पर्धा होतात व सहकार खात्यातून उपनिबंधक म्हणून निवृत्त झाल्यामुळे मुख्य पंचाचे काम माझ्याकडे असते (नियम वाचण्याची सवय असलेला माणूस सोसायटीत दुसरा नाही, असा समज आहे, तो मी दूर केलेला नाही). त्यात ‘कौटुंबिक दुहेरी’ हा प्रकार शरयूच्या आग्रहाने सुरू झाला. एकाच कुटुंबातील दोघांनी मिळून खेळायचे. यंदाची नावे जूनमध्येच, शरयू असताना, घेतली होती, त्यामुळे क्लबहाउसच्या फलकावर आमची जोडी ‘ओव्हाळ–ओव्हाळ’ अशी अजून आहे. क्रीडा समितीची चिटणीस नम्रता ही संगणक कंपनीत काम करणारी, मनाने चांगली मुलगी आहे. नवा जोडीदार कळवा किंवा नाव मागे घ्या, असा निरोप तिने फार हळुवारपणे, म्हणजे तीन वेगवेगळ्या माणसांकरवी पाठवला. विचाराधीन आहे, असे मी लेखी कळवले आहे. तो विषय येथे नको.

विषय ध्वजाचा आहे. यंदाचा रविवार सात डिसेंबरला, म्हणजे नेमका सशस्त्र सेना ध्वजदिनी येतो. त्यावरून नम्रताने बैठकीत ठराव मांडला की, प्रत्येक खेळाडूने सामना चालू असताना टी-शर्टवर ध्वजदिनाचा छोटा ध्वज लावावा. ‘काका, मस्त दिसेल, आणि मीनिंगफुल पण,’ असे तिने मला उद्देशून सांगितले. त्यावर तात्याराव (आपण यांना एकदा पाहिले आहे, भूमितीचे निवृत्त प्राध्यापक, शरयूच्या हातच्या चहात साखर जास्त झाली असे सांगून दुसरा कप मागणारे) म्हणाले, ‘दिसेल कोणाला? खेळणारे आपण, बघणारेही आपण.’ मग त्यांनी सभेला माहिती दिली की, इंग्लंडात फुटबॉलचे खेळाडू नोव्हेंबरात युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ सदऱ्यावर खसखशीचे लाल फूल लावतात, एखादा ते लावायला नकार देतो, मग प्रेक्षक त्याची हुर्यो करतात आणि सामना बाजूला राहून फुलाचीच चर्चा होते. ‘आपल्याकडे खसखस अनारशाला लागते,’ ते म्हणाले, ‘तेवढ्यावर थांबावे.’

थांबले कोणीच नाही. एका सभासदाने आपल्या आजोबांचे चुलते दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते असे सांगून त्यांच्यासाठी वेगळी फीत मागितली. दुसऱ्याला कारगिलची हवी होती. तात्याराव म्हणाले, ‘स्मरणच करायचे तर पानिपतापासून करा. सामना संक्रांतीला ठेवा, आणि दोन्ही बाजूंनी हरा.’ एका सद्गृहस्थांनी माझ्याकडे वळून, ‘ओव्हाळसाहेब, तुमचाही कोरेगावचा स्तंभ आहे की, त्याचा बिल्ला आम्हाला चालेल,’ असे औदार्य दाखवले. मी त्यांना सांगितले की, एक जानेवारीला मी तेथे जातो, रांगेत उभा राहतो, अभिवादन करतो आणि परत येतो. त्यासाठी हातात रॅकेट धरावी लागत नाही. त्यानंतर ते बराच वेळ पाणी पीत होते.

वाद तोंडी मिटेना, तेव्हा प्रात्यक्षिक घ्यावे असे ठरले. त्यासाठी उत्तरेश्वरची निवड झाली. हा लातूरकडचा तरुण गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे आणि त्याने मारलेला स्मॅश परत करण्याऐवजी लोक बाजूला होतात. पहिला ध्वज सेफ्टी पिनेने लावला. दोन फटक्यांनंतर उत्तरेश्वर खेळ थांबवून अदबीने म्हणाला, ‘सर, हात वर केला की पिन छातीत घुसायलीय.’ तात्यारावांनी ‘जवानांना याहून जास्त लागते,’ असे सांगितले. तेव्हा उत्तरेश्वर म्हणाला, ‘तुम्ही लावून बघा की, प्राध्यापक.’ तात्यारावांनी लगेच चिकटवायचा ध्वज आणण्याची सूचना मांडली.

दुसरा ध्वज चिकटवण्याचा होता. तो लावून खेळ सुरू झाला आणि नम्रताने मारलेले शटल थेट त्या ध्वजावर आदळले. आता, अक्का, बॅडमिंटनचा नियम असा की, शटल खेळाडूच्या अंगाला वा वेशाला लागले तर गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. तात्याराव उठून उभे राहिले व ध्वज हा वेशाचा भाग आहे काय, असा हरकतीचा मुद्दा त्यांनी मांडला. मी खुर्चीवरून विचार करू लागलो. वेशाचा भाग मानावा, तर ध्वज लावला म्हणून उत्तरेश्वरला दंड झाल्यासारखे होते. न मानावा, तर ध्वज लावलेली जागा सुरक्षित ठरते व पुढच्या वर्षी माणसे अंगभर ध्वज चिकटवून उतरतील. मी निर्णय राखून ठेवला. इतक्यात घामाने ध्वज सुटला आणि कोर्टाच्या मधोमध पडला. पुढची सर्व्हिस नम्रताची होती, ती करीना. उत्तरेश्वर एका पायावर उभा. मी स्पष्ट केले की, हा राष्ट्रध्वज नसून लाल, गडद निळ्या व फिकट निळ्या पट्ट्यांचे ध्वजदिनाचे चिन्ह आहे, त्यास राष्ट्रध्वजाची संहिता लागू नाही, सबब खेळ पुढे चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही. माझे म्हणणे बिनचूक होते. तरी एकाचाही पाय पुढे पडेना (माझाही नाही; मी खुर्चीवर होतो हे माझे सुदैव). शेवटी उत्तरेश्वरने तो उचलून खिशात ठेवला, आणि त्यानंतर त्याच्या दिशेने कोणी शटलच मारीना.

या प्रसंगी मला शरयूची पद्धत आठवली, व ती आपणापासून सुरू झाली असल्यामुळे येथे नमूद करतो. आपले यजमान, सैन्यातील नाईक किसनराव, एकाहत्तरच्या युद्धात कामी आल्यापासून आपण एकही ध्वज स्वतः लावला नाहीत. शरयूने एकदा विचारले, तेव्हा आपण म्हणालात, ‘लावायचा त्यानं लावावा. सांजच्याला रस्त्यात पायाखाली येतोय, तेवढं बघा.’ तिने ती आज्ञा मानली. दर सात डिसेंबरला सकाळी ती सोसायटीतल्या प्रत्येकाला ध्वज लावायची आणि संध्याकाळी दारोदार जाऊन ध्वज परत घ्यायची, शिवाय पिन तिची स्वतःची, बांगडीला अडकवलेली असल्याने पिनही परत घ्यायची. कोणी हरवली म्हटले, तर दारातच उभी राहायची. ‘लावलेली देशभक्ती संध्याकाळी मोजून परत नेणारी बाई जगात एकच,’ असे तात्याराव म्हणत, पण दारावरची बेल वाजली की ध्वज आणि पिन बशीत घेऊनच दार उघडत.

असो. सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून मी निर्णय दिला की, ज्याला स्मरण करायचे आहे त्याने ते सामन्यापूर्वी व नंतर करावे. सामना चालू असताना खेळाडूच्या वा पंचाच्या अंगावर कोणतेही स्मरणचिन्ह असू नये. ‘वा पंचाच्या’ हे शब्द परिपूर्णतेसाठी घातले होते. तात्यारावांनी निर्णयाचे मनापासून स्वागत केले, आणि मग चष्मा वर करून विचारले, ‘साहेब, तुमच्या टी-शर्टवर ही पिन कसली?’

मी म्हणालो, ‘पिन आहे.’

‘ते दिसतेय. गुंड्या तर शाबूत आहेत.’

अक्का, गेल्या वर्षी सात डिसेंबरच्या संध्याकाळी शरयूने सगळ्यांचे ध्वज आणि पिना गोळा केल्या. सर्वांत शेवटी माझा ध्वज काढला, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ‘पिन राहू दे, तुम्ही काय घरातच आहात, घेईन नंतर,’ असे म्हणून ती आत गेली. ती पिन घ्यायची राहिली. टी-शर्ट त्यानंतर अनेकदा धुतला, पिनेसकट. त्यातून कोणाचे स्मरण करावे असा माझा काही हेतू होता, असे मी म्हणणार नाही. ती तेथे होती, एवढेच.

हे मी सभेला सांगितले नाही. पण नम्रता बंद मोबाइलमध्ये काहीतरी वाचू लागली व उत्तरेश्वर जाळीची दोरी घट्ट करायला गेला, ती मुळात घट्टच होती. यावरून त्यांना समजले असावे. तात्याराव खाली बसले. चष्मा पुसत म्हणाले, ‘हे कार्यवृत्तात घेऊ नका.’ मी मात्र नियमाप्रमाणे वागलो. प्रकरणात स्वतःचा हितसंबंध आढळल्याने निर्णय मागे घेतला व खुर्ची सोडली.

मग निर्णय द्यायचा कोणी? नम्रता हळूच म्हणाली, ‘शरयूकाकूंच्या अक्का आहेत ना? त्यांनाच विचारू या. आपल्यापैकी कोणाच्याच घरचं कोणी लढाईत गेलेलं नाहीये.’ यावर सभेचे प्रथमच एकमत झाले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आणि साऱ्या नोकरीत पूर्वसंमतीशिवाय एक ओळही न लिहिलेला मी म्हणून गेलो, ‘त्या येतील.’

आपणास सत्कार आवडत नाहीत हे मी जाणतो. तालुक्याला आलेल्या साहेबांना आपण ‘शालींचं गाठोडं झालंय, पुढच्या वर्षी नुसता माणूस पाठवा, शाल नको,’ असे सुनावलेत, तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि शाल माझ्याच हातात होती. तरीही विनंती करतो. सहा तारखेला आपण नेमाप्रमाणे चैत्यभूमीवर जाणारच. परतताना थेट साताऱ्याला न जाता पुण्यात उतरावे. उतरवून घ्यायला मी स्वतः येईन. आमचे घर तळमजल्यावर आहे, गुडघ्याला त्रास नाही. रविवारी सकाळी कोर्टाशेजारी बसून एका वाक्यात सांगावे, ध्वज लावून खेळावे की न लावता. आपण जे म्हणाल ते चालेल. दोन्ही प्रकारचे आदेश मी टंकलिखित करून तयार ठेवले आहेत.

घरातील सर्वांना जय भीम व मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
भीमराव ओव्हाळ

ता. क. – ‘वीरपत्नी श्रीमती यमुनाबाई रणपिसे यांच्या प्रमुख उपस्थितीत’ असा फ्लेक्स नम्रताने फाटकावर आधीच लावला आहे. मी काढायला सांगितले होते. तिने तो काढून जास्त उंच लावला.

ता. क. २ – शाल व श्रीफळ यांना मी स्पर्धेपुरती मनाई केली आहे. तात्याराव वैयक्तिकरीत्या चहा देणार आहेत. साखर कमी असेल.

ता. क. ३ – वर लिहिलेले सर्व खरे आहे, परंतु ध्वजाचा निकाल आपण फोनवरही देऊ शकला असता, हे माझ्या लक्षात आहे. मूळ मुद्दा वेगळा आहे. जोडी मागे घेण्याचे पत्र मला लिहायचे होते. चार मसुदे केले. आयुष्यभर मी हजारो लोकांची नावे सभासद-यादीतून कमी करण्याचे आदेश लिहिले, हे मात्र दुसऱ्या ओळीपुढे जात नाही. म्हणून नियम पुन्हा वाचला. ‘कुटुंब’ या शब्दात पत्नीची बहीण येत नव्हती. गेल्या बैठकीत तशी दुरुस्ती झाली; सूचक तात्याराव, अनुमोदक उत्तरेश्वर. तेव्हा आपण माझ्यासोबत कोर्टावर उभ्या राहाल काय? खेळण्याची आवश्यकता नाही. खुर्ची घेऊन बसण्यास नियमात मनाई नाही, मी पाहिले आहे. शटल आपल्याकडे आले तर जाऊ द्यावे. हरण्यास माझी हरकत नाही. नाव पुकारल्यावर एकट्याने आत जाणे तेवढे जमणार नाही.

ता. क. ४ – शरयूचे खेळायचे बूट घरात आहेत. आपल्याला होतील असे वाटते, कारण आपण दोघी एकमेकींच्या चपला घालून जात होतात व त्यावरून महिनोन्महिने अबोला धरत होतात. न झाल्यास चपलांवर खेळण्यास मुख्य पंचांची परवानगी आहे. मी खुर्ची सोडली होती हे खरे. पण दुसरे कोणी बसायला तयार नसल्याने कालपासून मुख्य पंच पुन्हा मीच आहे.