अब्बांचा आकडा

मंगळवार, संध्याकाळ

सलीमभाईंनी गंगापूरहून जुन्या जीपचा मीटर आणून दिला तेव्हा एकच सांगितलं होतं, "काटा चालू करा, पण किलोमीटरचा आकडा हलवू नका. अब्बांनी गाडी शेवटची लावली तेव्हाचा हाय तो."

आज काटा बसवला अन् सवयीनं, काटा उठतो का बघायला, मागून ड्रिलमशीन लावून मीटर पळवला. काटा झकास उठला. मी त्याच्याकडंच बघत राहिलो, अन् खाली आकडा सरकत गेला.

मागं फिरवता येईल, पण कुठवर? लिहूनच ठेवला नाय. शेवटचा अंक सात होता की नऊ? डोळे मिटले की दोन्ही दिसतात.

मघाशी सलीमभाईंचा फोन आला. "काटा चालतो का?"

"व्हय," म्हटलं.

आकड्याचं त्यांनी विचारलंच नाय. विचारलं असतं तर सांगून तरी टाकलं असतं.