खोडलेले छत्तीस हजार

शनिवार, दसऱ्यानंतरचा. दिवेलागण झाली.

धाकट्या जावेनं, सुनीतानं, धाराशिवच्या मोठ्या दुकानातून फ्रिज आणला. पूजेला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या, मीही गेले. फ्रिजच्या दारावर दुकानाचा कागद तसाच. छत्तीस हजारांवर लाल रेघ मारलेली, खाली चोवीस. कागद झाकू नये म्हणून तिनं कुंकवाचं स्वस्तिक पार कोपऱ्यात काढलं. "बारा हजार वाचले, अक्का," असं मलाच चारदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सुनीताला लई व्यवहार कळतो." चहा तसाच ठेवून मी घरी आले.

तोच फ्रिज मी गुढीपाडव्याला इथंच, तेरमधल्या दुकानातून आणला होता. रंगही तोच. दुकानदार सरळ चोवीस म्हणाला, आम्ही चोवीस दिले. बघायला कुणी फिरकलंसुद्धा न्हाय. आत्ता पावती काढून बघितली. चोवीसच. म्हणजे छत्तीस कधी नव्हतेच, खोडण्यापुरते लिहिले होते.

पावती घेऊन तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार होते तिला? आत बायका अजून त्या लाल रेघेपुढं उभ्या होत्या. खरं लिहायचं तर मला तसाच कागद माझ्या फ्रिजवर पाहिजे होता.

राग तिला फसवणाऱ्याचा यायला पाहिजे. येतोय आमच्या तेरच्या दुकानदाराचा. आधी छत्तीस म्हणायला त्याचं काय जात होतं?