पहिल्या ड्युटीचा नारळ

नागपूर, ५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही कांद्याच्या रोपांविषयी बोलता, माझ्या सर्दीची चौकशी करता आणि लगेच आईकडे देता. म्हणून लिहिते. दोन वर्षं झाली, तुम्ही माझ्या मेट्रो स्टेशनवर पुन्हा आला नाहीत. कारण मला ठाऊक आहे.

माझ्या पहिल्या ड्युटीला तुम्ही जानेफळहून नारळ घेऊन आलात. विहिरीवरची मोटार असो की नवी तिफण, तुम्ही नारळ फोडल्याशिवाय हात लावत नाही. तसाच स्टेशनच्या पायरीवर फोडायला बसलात. शेजारी साहेब उभे होते. मी म्हणाले, काका, इथे हे चालत नाही. बाबा नाही, काका! तुम्ही हाव मॅडम म्हणालात, नारळ पिशवीत टाकलात आणि निघालात. मला अजून स्वतःची लाज वाटते. एकदा या.

आईला नमस्कार. हवं तर रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची समीक्षा

जानेफळ, १४ जानेवारी २०२५

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पोरी, राग असता तर तेव्हाच ऐकवलं असतं. माझं तोंड तुला माहीत आहे. त्या दिवशी तिकीट काढून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेलो. तुझं स्टेशन आलं की दाराशी उभा राहायचो. एकदा दिसलीस. शेजारच्याला सांगावंसं वाटलं, थे माही पोरगी आहे. नाही सांगितलं.

नारळ घरी येऊन फोडला, समीक्षाच्या स्टेशनचा प्रसाद म्हणून गल्लीत वाटला. शेजारच्या गोजरबाईसमोर फुशारकीही मारली. तुझा तुकडा आईने डब्यात ठेवला आहे, पार वाळून गेला.

येत नाही ते एवढ्यासाठीच, की साहेबांनी मला ओळखलं तर मान तुझी खाली जाईल. बापाला काका म्हणाली म्हणतील.

सर्दीला ओव्याची धुरी घे. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
अर्जुनराव

नागपूर, २१ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न.

पत्र स्टेशनवरच उघडलं आणि पुढची गाडी येईपर्यंत दोनदा वाचलं. रविवारी सुट्टी मागितली आहे, तुम्हाला आणायला मीच येते. माझा तुकडा डब्यातच राहू द्या.

बाबा, ते साहेब महिन्याभरातच बदलून गेले. इथे तुम्हाला ओळखणारी आता मी एकटीच आहे.

तुमची,
समीक्षा