मेणाची सुईण

सोमवार, ६ मे. सकाळ.

बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, पाय सुजलेला, जिना उतरायला डॉक्टरांची बंदी. म्हणून खालच्या खोलीतलं काम माझ्याकडे: सुईणबाईंची मूर्ती मेणात ओतायची. दोन्ही हातांनी नवजात बाळ उंच धरलेल्या. मूळ मातीची मूर्ती साचा काढताना मोडली, त्यामुळे आता बाई आहेत त्या फक्त या सिलिकॉनच्या साच्यात. शनिवारी ओतारी त्यावरून धातूची मूर्ती ओतायला भट्टी लावणार. त्याआधी मेणाची एक अख्खी प्रत हवी. बाबा म्हणाले, जमलं तर यापुढे सगळं ओतकाम तुझं. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून बघत आलेय. जमेलच.

दुपार.

बाईंच्या चेहऱ्यावर बुडबुडे. कांजिण्या आल्यासारखे. मेण फार गरम होतं. बाबांना सांगितलं, छान चाललंय.

मंगळवार, ७ मे.

मेण निववून ओतलं. चेहरा सुरकुतला. आई म्हणाली, अगं, ही तर सुईणबाईंची सासू दिसतेय!

मग बाबा शिकवायचे तसं केलं. साचा आधी कोमट केला, मेण कडेने एका धारेत सोडलं. चेहरा लोण्यासारखा आला. बाळ मात्र कोपरापर्यंतच्या हातांसकट साच्यातच राहिलं.

साचा लवकर उघडला असं नाही. नुसती कड उचलून आत डोकावले, नीट चाललंय ना म्हणून. दोष मेणाचा. दुकानदार भेसळ करतो.

बुधवार, ८ मे.

संकल्प: दुपारपर्यंत साच्याला हात लावायचा नाही.

बाळ पडलं. वरून साचा गार लागत होता हो, मेण आत मऊच होतं. शिवाय दादाने दार आपटलं. दादा म्हणतो, मी तेव्हा ऑफिसात होतो. असेल.

परत ओतलं, परत पडलं. उभ्या आयुष्यात आईच्या हातून एक बाळ निसटलं नाही, असं मूर्तीची ऑर्डर द्यायला आलेली बाईंची मुलगी अभिमानाने सांगत होती. माझ्याकडे आल्या आणि अब्रू गेली. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मग बाळाचीही.

संध्याकाळ.

तापल्या सुरीने बाईंचे तुटलेले हात जोडले. सांधा पुसून काढला. ही काही फसवणूक नव्हे, डागडुजी. मूर्ती वर नेऊन दाखवली. बाबांनी डाव्या अंगठ्याने बाईंचं कोपर चाचपलं. मग चहा मागितला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, ९ मे.

बाबा म्हणाले, साचा सोलताना पचकन आवाज होतो, तो मला वर ऐकू येतो. काल दिवसभर येत होता. मी म्हटलं, नीट आहे ना ते बघत होते. म्हणाले, अगं बये, बघितल्यानेच बिघडतंय! तुझी आईसुद्धा भाताचं झाकण इतक्यांदा उचलत नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडली, माझं नाव कशाला मध्ये?

मग मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. जोडलेले हात सांगितले. ओढून ओढून साच्याला कोपरापाशी चीर गेलीय, तेही सांगितलं. बाबांनी साचा वर मागवला, चीर वाकवून पाहिली. म्हणाले, आणखी एकदा टिकेल. एकदाच. उद्या मी हाक मारेपर्यंत हात लावायचा नाही. आणि घाबरू नकोस, तुला ओतता येतं.

शेवटचं वाक्य आठवून मेणाचं भांडं दोनदा घासलं.

शुक्रवार, १० मे.

ओतलं. साचा पाण्याच्या टबात ठेवला आणि स्वतःच्या हातांवर बसून राहिले. मध्ये एकदा उठले. आईने डोळे वटारले. बसले.

हाक आली. साचा सोलला. चीर पार फाटत गेली, तो आता गेलाच. पण सुईणबाई अख्ख्या आल्या! बोटं, नखं, बाळ, बाळाची नाळसुद्धा. एक बुडबुडा नाही.

एकच शंका राहिली. उद्या ओताऱ्याकडे नेताना रस्त्यात हिसके बसणार. बाळ पक्कं बसलंय ना, याची आधीच खात्री करून घेणं माझं कर्तव्य होतं. दोनच बोटांनी, अगदी हलकं हलवून पाहिलं.

बाबांनी वरून विचारलं, अख्खी आली का गं?

यापुढे त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही, असं कालच ठरवलंय. म्हटलं, आली होती.