रेणूच्या हवेच्या टाकीची पिशवी

८ ऑक्टोबर २०००, रविवार

पायाचं बोट थोडक्यात वाचलं रेणूचं! ऑटोतून उतरत होती, बाजाराच्या पिशवीचा बंद तुटला आणि ती मेली लोखंडी टाकी धाडकन फाटकापाशी. बाजूची उषा पळत बाहेर आली — "आंटी, गॅस फुटला का?" गॅस नाही गं बाई, हवा आहे! नुसती हवा, पण दाबून दाबून भरलेली. माझ्या सुनेची बंदूक त्या हवेवर चालते. बंदुकीला एक छोटी नळी असते, ती रिकामी झाली की या मोठ्या टाकीतून भरायची. विशाखापट्टणमच्या कुण्या पाणबुड्याची ही जुनी टाकी, रेणूच्या सरांनी मिळवून दिली. पंधरा किलो वजन! आणि धरायला कडी नाही, कान नाही, काही नाही. दुधी भोपळ्यासारखी गुळगुळीत.

टाकीला काही झालं नाही. पण वरची, हवा सोडायची चावी वाकली असती तर सगळं संपलं असतं म्हणे. रेणू पायरीवर बसून राहिली. पुढच्या महिन्यात पुण्याला नेमबाजीची निवडचाचणी आहे आणि ज्याने त्याने आपली हवा आपण न्यायची. "आई, ही घेऊन मी एकटी गाडीत चढू कशी?"

मी म्हटलं, पिशवी शिवते. बोलून तर बसले!

१० ऑक्टोबर

हिमायतनगरच्या दोन दुकानांत जाऊन आले. एकाने क्रिकेटची बॅग दाखवली, दुसऱ्याने शाळेचं दप्तर. कपाळ माझं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

बेगम बाजार. रेणूने टाकीचं माप दोऱ्याने घेऊन दिलं होतं, तो दोरा पदराला बांधून गेले. ताडपत्रीवाला विचारतो, "अम्मा, क्या बांधने का है?" मी दोन्ही हातांनी आकार दाखवला. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बम है क्या अम्मा?" मी म्हटलं, हौ, बहू का बम है! पोट धरून हसला आणि मग इमानदारीने चांगली जाड ताडपत्री काढून दिली. मेंदी रंगाची. पुढे खाटेची नवार घेतली, रुंद, पांढरी. बकलं घेतली. मेणाचा दोरा आणि नवं दाभण. येताना भूक लागली म्हणून मिरची भजी खाल्ली. रेणूला सांगितलं नाही, ती तेलकट खाऊ देत नाही मला.

हे गेल्यापासून चार वर्षांत बाजारात असं हौसेने पहिल्यांदा फिरले.

१५ ऑक्टोबर, रविवार

संदेशचा फोन. व्हिसाची तारीख मिळाली. रेणूची मुलाखत चेन्नईला, २० नोव्हेंबरला.

आणि पुण्याची चाचणी? २० नोव्हेंबर!

गेल्या वर्षी कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेलं आमचं पोरगं, आता तिथेच घर बघतंय. तारीख पुढे ढकल म्हटलं तर म्हणतो, "आई, तुला कळत नाही. पुन्हा कधी मिळेल नेम नाही. आणि ती बंदूक-बिंदूक काय, लग्नाआधीचे चाळे आहेत ते." चाळे! लग्नाआधी हिच्या मेडलचे फोटो सगळ्या मित्रांना दाखवत कोण फिरत होतं?

रेणू फोनवर फक्त हं, हं म्हणत होती. ठेवल्यावर म्हणाली, "बघू." जेवली नाही नीट.

१८ ऑक्टोबर

दोन दिवस नुसते कागद कापण्यात गेले. पेपर चिकटवून टाकीचा आकार केला. बूड गोल, डोकं निमुळतं, वर चावीचं बोंडूक. सरळ पिशवी शिवून खांद्याला पट्टे लावावेत तर सगळं वजन शिवणीवर येतं. बाजाराच्या पिशवीचं तेच झालं. पंधरा किलो कुठली शिवण पेलणार?

दुपारी दही लावताना सुचलं. शिंकाळं! माहेरी देगलूरला आढ्याला शिंकाळ्यात दह्याचं मडकं असायचं. मडक्याला कुणी शिवण घालतं का? दोऱ्या खालून जातात, बुडाखाली फुली होते, मडकं आपलं बसलेलं असतं. म्हणजे नवार टाकीच्या बुडाखालून फुली करून वर घ्यायची आणि तीच पुढे खांद्यावर. ताडपत्री नुसती अंगरख्यासारखी. वजन सगळं नवारीवर!

दह्याचा हात तसाच घेऊन रेणूला सांगायला गेले. तिला शिंकाळं माहीतच नाही. पुण्याची पोर! दोन दोरे आणि तांब्या घेऊन करून दाखवलं. "आई, हे भारी आहे!" — कितीतरी दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला.

२१ ऑक्टोबर

आतून मऊ पाहिजे, नाहीतर पाठ सोलून निघेल. तिथे वाकळ लावली. माझी जुनी सुती लुगडी, चार पदर, हाताने धावदोरा. चावीला वेगळं टोपडं शिवलं, कापूस भरून, हनुवटीखाली बंद. बाळंतविडा करतेय की बंदुकीचं सामान, मलाच कळेना! उषा म्हणाली, "आंटी, नजर नका लावू, तीट लावा." हसलो दोघी.

रेणू रेंजवर गेलेली. म्हटलं आपणच घालून बघू. दिवाणावर टाकी ठेवली, पाठ टेकवली, पट्टे चढवले, उठले — आणि अशी मागे गेले की पाय वर! कासव उलटं पडतं तशी. पट्टे सुटेनात. उषाला हाका मारल्या. ती आली, आणि आधी उठवायचं सोडून भिंतीला टेकून हसत बसली. हसू दे. मला मात्र चूक कळली. टाकी फार खाली बसत होती. नवार चार बोटं आखडून घेतली आणि कमरेला एक पट्टा वाढवला.

संध्याकाळी रेणूने पाठीवर घेऊन विद्यानगरच्या दोन गल्ल्या फिरून दाखवल्या. हात मोकळे! दोन्ही हात हलवत आली, वेडी.

२६ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. रेणूने पाटावर टाकी ठेवली, मी कुंकू लावलं. संदेशचा फोन आला तेव्हा दोघींपैकी कुणी हे सांगितलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

झाली पिशवी! शेवटचं तोंड आज शिवलं. आमच्याकडे वाकळीचं तोंड बंद करायच्या आधी तिच्या पोटात घास ठेवतात. उपाशी वाकळ कुणाला ऊब देत नाही, असं माझी आई म्हणायची. मी बुडाच्या कोपऱ्यात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ठेवला, गूळ आणि साजूक तूप लावून. रीत म्हणजे रीत. रेणूला नाही बोलले, तिला हे सगळं खुळचट वाटतं.

संदेशने पुन्हा विचारलं, चेन्नईचं तिकीट काढलं का? रेणू म्हणाली, "उद्या सांगते." उद्या, उद्या. तिला जायचंय पुण्याला, हे भिंतीलाही कळेल.

६ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

सकाळी रेणूने पिशवी उचलली तर खालून भुस्सा. उंदराने बूड पार कुरतडलंय. ताडपत्री, वाकळ, आणि बुडाखालची नवारीची फुलीही अर्धी तोडलेली. भाकरीचा वास! उंदराला काय, आयतं ताट वाढून ठेवलं होतं मी.

रेणूने आत बोट घालून तो तुकडा काढला. "हे काय, आई?" सांगितलं. "तूप?" तिचा चेहराच उतरला. मला वाटलं उंदरामुळे. तसं नव्हतं. एवढ्या दाबाच्या हवेला तेल-तूप चालत नाही म्हणे. चावीच्या तोंडाला थेंब जरी लागला आणि हवा सोडली, तर भडका उडतो. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, टाकीला तेलकट हात लावायचासुद्धा नाही. आणि मी तूप लावलेला घास पोटात शिवून दिला! तिच्या तोंडाशी, हाताशी काही झालं असतं तर?

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. टाकी पुसत बसली, सोड्याच्या पाण्याने, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, "जाऊ द्या आई. देवाच्याच मनात नाही. चेन्नईचं तिकीट काढते."

माझ्या हातची रीत, आणि देवाच्या नावावर.

७ नोव्हेंबर

पिशवी कोपऱ्यात पडली आहे. उषाचं मांजर रात्रीपुरतं मागून आणलं. आता काय उपयोग!

१२ नोव्हेंबर, रविवार

न विचारता परवापासून पुन्हा शिवायला घेतली. लुगडी फेकली, नवी वाकळ केली कोऱ्या मांजरपाटाची, गरम पाण्यात धुऊन. बुडाला नवी नवार, दुहेरी फुली. पोटात काही नाही. तोंड शिवताना हात भाकरीच्या डब्याकडे गेला, पण नाही म्हणजे नाही.

आणि आज संदेशचा फोन मी उचलला. रेणू बाहेर होती. तिने चेन्नईचं तिकीट काढलंय हे त्याला कळलेलं, खुशीत होता. मी सांगून टाकलं, पिशवी दुरुस्त करतेय. एकदम चिडला. "आई, तू तिला भरीला घालतेयस! तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. तुला ती तिथे हवी आहे, सोबतीला!"

फोन ठेवला मी. खरं आहे ते! रेणू गेली तर या घरात मी कुणाशी बोलू? सकाळी दोन कप चहा करते, एक करायची वेळ येईल. मला नको आहे ती अमेरिकेला जायला. नको म्हणजे नको! कुणाला सांगणार? इथे लिहिते.

१३ नोव्हेंबर

सांगितलं. तिलाच सांगितलं.

पोळ्या लाटता लाटता म्हटलं, माझं काही ऐकू नकोस, मला तू इथे हवी आहेस म्हणून शिवतेय मी. संदेश बोलला ते खोटं नाही. नवऱ्याकडे जायचं तर खुशाल जा. पिशवी काय, त्यात बटाटे ठेवीन.

रेणू पोळी भाजत होती. वळली नाही. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुम्हाला मी इथे हवी आहे. मग? त्याने शिवण कच्ची झाली का?"

आणि मग बोलत सुटली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एवढं. संदेशवर राग नाही तिचा. जाईन म्हणाली, आज ना उद्या जाईनच. पण मी कितपत चांगली आहे, हे एकदा तरी मला कळू दे. नाहीतर तिथे जाऊन भांडी घासताना जन्मभर तेच मनात येत राहील. पोळी करपली. ती तशीच दोघींनी खाल्ली.

रात्री तिनेच फोन लावला त्याला. दार लावून घेतलं होतं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "आई, सांगितलं. चेन्नईचं तिकीट रद्द करते."

मला आनंद झाला. लाज वाटली, तरी झाला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

निघाली. स्टेशनवर सर आणि दोन मुली होत्या. टाक्या न्यायच्या परवानगीचा रेल्वेचा कागद सरांकडे. त्यांनी पिशवी उचलून बघितली, उलटी केली, फुली ओढून बघितली. "कुठे मिळाली?" रेणू म्हणाली, "घरी."

बाकीच्या मुलींची टाकी दोघींनी मिळून, चादरीत गुंडाळून, मेलेलं माणूस न्यावं तशी नेली. आमची रेणू पाठीवर टाकी, एका हातात बंदुकीची पेटी, दुसऱ्या हाताने मला नमस्कार करायला वाकली. वाकू नकोस, पडशील! म्हणेपर्यंत वाकून उठलीसुद्धा. दह्याची वाटी मी घरीच विसरले होते. हातावर साखर ठेवली.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज. काही सुचत नाही. दोनदा देवापुढे दिवा लावला. तिकडे चेन्नईत कुणी नाव पुकारलं असेल का हिचं?

२२ नोव्हेंबर, बुधवार

रेणूचा फोन. निवड झाली! सगळ्यांत दुसरी आली.

शिबिर दिल्लीला. उद्याच पुण्याहून परस्पर निघायचंय, गरम कपडे तिकडेच पाठवा म्हणाली. किती महिने, सरांनाही सांगता येईना. "आई, जाऊ ना?" जा, म्हटलं. पटकन म्हटलं.

संदेशला मीच फोन लावला. निवडीचं सांगितलं. मग, "आता खूश ना तू?"

हौ. खूश आहे. देवाशपथ खूश आहे. आणि घर नुसतं खायला उठलंय.