जुन्या लायब्ऱ्या

कायानी, रविवार, २१ जानेवारी १९९६
सकाळी साडेनऊ. आईची कॉफीची भांडी पुसून नुकताच टेबलाशी बसलो आहे.

प्रिय तुओमोदादा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. बाहेर उणे सव्वीस. शेजारच्या आजोबांची गाडी सुरू होत नाही, रोज मी ढकलतो.

हेलसिंकीला तुझ्या हाताखाली कामाला ये, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर शेवटी देतो.

क्युल्लिक्कीबाईंनी मला त्यांच्या इंटरनेटच्या दुकानातून काढलं ते तुला माहीतच आहे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "शाळा अर्धवट सोडलेल्या पोरावर मी सगळ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट सोपवलं, चूक माझीच," एवढंच म्हणाल्या आणि मला कॉफी ओतली. शाळा मी कुणाच्या सांगण्यावरून सोडली, हे त्यांना ठाऊक नाही, तुला आहे.

बाईंचं मशीन दुरून तूच बघायचास, आणि त्यावरचं लिनक्स नव्या साच्यावर न्यायचंही तूच ठरवलंस. मी दोन आठवडे तयारी केली. बाईंनी विचारलं होतं, "चालतंय ते मोडायचं कशाला?"

"मोडायचं नाही, बाई. यापुढचे प्रोग्रॅम नव्या साच्यात बांधलेले येणार. जुनेही चालतील, फक्त ते ज्यांच्यावर चालतात त्या फायली, म्हणजे त्यांच्या लायब्ऱ्या, जागेवर ठेवायच्या."

"म्हणजे विजेची शेगडी आली तरी लाकडाची चूल काढायची नाही."

"तसंच."

गिऱ्हाइकांचा पासवर्ड तपासणारा प्रोग्रॅम जुन्याच साच्यातला. औलूच्या ज्या माणसाने तो लिहिला, तो त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, न देताच स्वीडनला गेला, त्यामुळे तो नव्याने बांधणं शक्य नव्हतं. म्हणून मी जुन्या लायब्ऱ्यांना हात लावला नाही. दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी दुपारपर्यंत सगळं चालू झालं. तरी माझं एक लॉगिन मी उघडंच ठेवलं. सगळं नीट चालतंय हे बघितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही सवय तूच लावलीस.

तेवढ्यात तू हेलसिंकीहून मशीनवर आलास. पडद्यावर तुझी ओळ उमटली, "शाबास रे. पण हा जुना कचरा कशाला ठेवलास?" मी उत्तर टाइप करत होतो. ते संपायच्या आत दुसरी ओळ आली, "काढला. आता कसं स्वच्छ."

पहिला फोन दातांच्या डॉक्टरांचा आला, पासवर्ड घेत नाही म्हणून. मग फोन वाजायचा थांबेना. मी तुला लावला.

"मशीन बंद करून चालू कर," तू म्हणालास.

"दादा, मी अजून आत आहे. जुन्या लायब्ऱ्या फ्लॉपीवर आहेत, इथूनच परत टाकतो. बाहेर पडलो तर मलाही शिरता येणार नाही."

"प्रोफेसर, मला शिकवू नकोस. बंद कर म्हटलं ना."

मी बंद केलं. मशीनने मलाही आत घेतलं नाही, आणि तू करून ठेवलेली आणीबाणीची फ्लॉपी वाचलीच गेली नाही. सोमवारी नगरपालिकेच्या शाळांची माणसं, इंटरनेटचं काम बाईंना द्यायचं का ते बघायला आली तेव्हा मी सगळं पहिल्यापासून टाकत बसलो होतो. शाळांचं काम दुसऱ्याला गेलं.

इथपर्यंत मी गिळलं असतं. घाईत कुणाच्याही हातून होतं.

पण काल आई बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तुओमोने बाईंना फोन केला होता हो. त्यांना म्हणाला, 'जुन्या लायब्ऱ्या काढू नकोस असं मी इल्पोला बजावलं होतं, पण तो ऐकत नाही.' तरी बघ, तुला स्वतःकडे बोलावतोय. सांभाळून घेतो तुला."

मी ऐकत नाही. दादा, मी ऐकलं म्हणूनच मशीन बंद झालं.

आईला काही बोललो नाही, बोलणारही नाही. बाईंचं वेगळं. उद्या सकाळी दुकान उघडताच त्यांच्याकडे जाणार आहे. नोकरी मागायला नाही. त्या दुपारी जे झालं ते आहे तसं सांगायला. विश्वास ठेवायचा की नाही, ते त्या बघतील.

तू म्हणशील, ईमेल किंवा फोन करायचा होतास. मुद्दामच केला नाही. हे पत्र तुला मिळेल तोवर माझं सांगून झालेलं असेल. या वेळी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुला मध्ये येता येणार नाही.

हेलसिंकीला मी येणार नाही.

आजवर प्रत्येक पत्राखाली "तुझा" लिहीत आलो. आज नुसतं नाव लिहितो.

इल्पो