आधी मी जातो, मग तुम्ही या

रविवार, ४ नोव्हेंबर २००७
एल्क रिज, कोलोराडो. उंची नऊ हजार दोनशे फूट. वस्ती अठराशे, त्यात भारतीय एक. तो मी.

आजपासून रोजनिशी. माणूस मोठा निर्णय घेतो तेव्हा कुठेतरी नोंद हवी. निर्णय असा: ऑफिस सोडायचं (नोकरी नाही), लॅपटॉप उचलायचा आणि बर्फाच्या डोंगरात राहून काम करायचं. विमानातल्या मासिकात लेख होता. अशा माणसांना डिजिटल नोमॅड म्हणतात. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात आणि नाक मुरडतात. दृष्टीचा फरक. माझा मॅनेजर अरुण वर्षभरासाठी 'ट्राय करून बघ' म्हणाला. त्याच्या आवाजात मत्सर होता.

बायको प्रणिता आणि मुलगी राधिका सध्या कॅलिफोर्नियात, सनीव्हेललाच. आधी मी जातो, सेट होतो, मग तुम्ही या, असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. नव्याण्णव साली नागपूरहून अमेरिकेत आलो तेव्हाही हीच पद्धत होती. आधी मी, चौदा महिन्यांनी प्रणिता. उत्तम जमलं. जमलेली पद्धत बदलू नये.

संकल्प: थँक्सगिव्हिंगपर्यंत घर तयार. ख्रिसमसपर्यंत स्कीइंग. रोज पहाटे फिरणं.

गुरुवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
फिरणं सोमवारपासून. बाहेर उणे अकरा आहे आणि सहाला पुण्याच्या टीमचा कॉल असतो. रवींद्रनं कॉलवर विचारलं, सर, मागे बर्फ दिसतो का? दिसतो, म्हणालो. खरं म्हणजे खिडकीतून कचऱ्याचा डंपस्टर दिसतो, पण त्यावर बर्फ आहे.

इथे तूरडाळ शिजत नाही. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही म्हणे. कुकर आणायला हवा. तो प्रणिता येताना आणेलच. तोवर ब्रेड.

खाली घरमालकीण राहते. डोना, वय एकाहत्तर, नवशिक्यांना स्की शिकवते. कुटुंब कधी येणार, तिनं विचारलं. दोन आठवड्यांत, म्हणालो. छोट्या खोलीत राधिकासाठी पलंग लावला. निळी चादर. तिला निळा आवडतो.

गुरुवार, २२ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग
नाही आल्या. कारण रास्त आहे. प्रणिताला नोकरी लागली!

जुलैत ग्रीन कार्डच्या अर्जांची दारं एकदम सगळ्यांना उघडली, तेव्हा आम्हीही घाईघाईनं अर्ज भरले होते. अर्जदाराला कामाचं कार्ड मिळतं. त्या कार्डाच्या जिवावर मी मोकळा झालो, डोंगरात आलो. तिच्या नावाचंही एक कार्ड आलं होतं हे डोक्यातून गेलं होतं. नागपूरला मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी., युनिव्हर्सिटीत दुसरी. इथे सात वर्षं डिपेंडंट व्हिसावर, काम करायला बंदी, म्हणून घरी. आता अन्न तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागली आहे.

फोनवर अरे वा म्हणालो आणि लगेच विचारलं, डिसेंबरात रजा मिळेल ना? काय म्हणालात, असं तिनं विचारलं. लाइन खराब असावी.

करू दे थोडे दिवस. हौस आहे.

शनिवार, १५ डिसेंबर
स्कीचा पहिला धडा. वर्गात आठ जण. सरासरी वय आठ, तेही मला धरून. बाकीचे सगळे चार-साडेचार वर्षांचे. डोना म्हणाली, पायांचा पिझ्झा करा, म्हणजे पुढून टोकं जुळवा, की थांबता येतं. सात जण थांबले. मी कुंपणाशी थांबलो. एका मुलीनं मला हात देऊन उठवलं आणि गुड जॉब म्हणाली.

दोष बुटांचा. भाड्याचे बूट कुणाच्या पायाचे असणार? स्वतःचे घेतले की फरक पडेल. राधिकाच्या मापाचेही घेऊन ठेवले. दोघं एकदमच शिकू.

मंगळवार, २५ डिसेंबर
लॅब नवीन, रजा नाही. प्रणिताचं म्हणणं बरोबर आहे. राधिकाशी बोललो. स्नो खूप आहे बेटा, म्हणालो. ओके, म्हणाली. स्कीचे बूट घेतलेत तुला, म्हणालो. कूल, म्हणाली. मग तिची मैत्रीण आली. मुलं उत्साह दाखवत नाहीत, आत साठवतात.

नागपूरहून बाबांचा फोन. आधी जय भीम, मग हवामान, मग थेट मुद्दा: सून अन् नात आली का रे तिथं? हो, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. राधिकाला फोन दे म्हणाले. ती बर्फात खेळते आहे, म्हणालो. बाबा म्हणाले, टोपी घालून दे पोरीले. घातली आहे, म्हणालो.

चार-सहा आठवड्यांत येणारच आहेत. मग ते खोटं राहणार नाही.

बुधवार, १६ जानेवारी २००८
बर्फानं इंटरनेट गेलं, तिसरा दिवस. कॉल कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटमधून घेतला, तिथे चालू असतं. अरुणनं विचारलं, हा घरघर आवाज कसला? वारा, म्हणालो. तेवढ्यात ड्रायर थांबल्याची घंटी वाजली. तो म्हणाला, शैलेंद्र, यार, परत ये. म्हणालो, इथे माझी प्रॉडक्टिव्हिटी वाढली आहे. त्यावर तो हसला नाही, हे मला आवडलं नाही.

राधिकाच्या खोलीत माझी बॅग, खोकी आणि वाळत घातलेले मोजे. त्या आल्या की हलवीन.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
येतायत! शाळेला स्की वीकची सुट्टी आहे. सनीव्हेलची शाळा स्की वीक देते आणि आपला स्वतःचा बाप स्की टाउनमध्ये, याहून योग्य काय. प्रणितानं लॅबमधून पाच दिवस मागून घेतले. तिकिटं काढली. १६ तारीख, शनिवार. कुकर आणते म्हणाली.

डोनाला सांगितलं. ती म्हणाली, केक करीन.

बुधवार, १३ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरचं रिलीज नेमकं १८ ला आलं. दिवसरात्र कॉल. अशा वेळी त्या आल्या तर मी त्यांना वेळ देऊ शकणार नाही. त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून मीच फोन केला की एक आठवडा पुढे या. तिकिटं बदलून देतो म्हणालो.

प्रणिता म्हणाली, सुट्टी याच आठवड्यात आहे. शाळेची सुट्टी पुढे जात नाही हे माझ्या लक्षात कसं येणार? मी म्हणालो, मग स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत. ती म्हणाली, बरं.

फक्त 'बरं' म्हणाली. समजूतदार आहे.

शनिवार, १६ फेब्रुवारी
रिलीज २९ पर्यंत पुढे गेलं. दिवसभर काम नव्हतं.

डोनाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी. ती केक घेऊन वर आली. माझ्या मागे दारातून आत बघितलं. मग केक टेबलावर ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. गाजराचा होता. चार दिवस पुरेल.

रविवार, ६ एप्रिल
स्प्रिंग ब्रेक होऊन गेला. राधिकाला पोहायच्या कॅम्पला घातलं होतं. प्रणितानं मला आधी सांगितलं होतं म्हणे. असेल.

पुढच्या रविवारी तिकडे बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम आहे. आपली सगळी मंडळी हॉल घेऊन दरवर्षी करतात. या वर्षी प्रणिता आयोजकांत. राधिका मराठीत भाषण करणार. मराठीत! मी जाणार. शनिवारी दुपारी निघून डेन्व्हरहून विमान. ठरलं.

शनिवार, १२ एप्रिल
आज सकाळी डोनाचा लेव्हल टूचा वर्ग होता. सीझनचा शेवटचा. पास झालो की राधिकाला सांगण्यासारखं काहीतरी होईल, असा विचार केला. दुपारी निघालो तर बर्फामुळे घाट बंद. सकाळी उघडा होता.

लेव्हल टू नापास.

रविवार, १३ एप्रिल
भाषण फोनवर ऐकलं. तिथल्या मित्रानं, सुशांतनं, हॉलमधून फोन उंच धरला होता. राधिका म्हणाली, 'माझ्या आजोबांनी कंदिलाखाली अभ्यास केला, कारण बाबासाहेबांनी सांगितलं, शिका.' तिच्या तोंडात 'कंदील' शब्द अडखळला, पण निघाला. पुढचं वाक्य 'माझी आई' असं सुरू झालं आणि फोन कटला. परत लावला. सुशांत म्हणाला, झालं रे भाषण, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत.

माझी आई म्हणजे पुढे काय, ते विचारायचं राहिलं. मी बराच वेळ किचनमध्ये उभा होतो. वाईट वाटलं. फार वाटलं.

रविवार, ११ मे
स्कीची लिफ्ट बंद. बर्फ वितळून सगळीकडे चिखल. दुकानांना कुलपं. डोना मुलीकडे ॲरिझोनाला गेली. जाताना म्हणाली, तूही जा. गावात मी आणि दोन कुत्री.

बाबांना फोन. पाच महिने सांभाळलेली कहाणी पुढे चालवली: राधिका स्की छान करते, प्रणिताला हवा मानवली. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, शैलेंद्र, सूनबाई मले दर रविवारी फोन करते. सनीव्हेलहूनच करते. डिसेंबरपासून मले माहीत आहे.

मग बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, तू एवढं रंगवून सांगत होतास, थांबवायची हिंमत नाही झाली. अन् मले वाटे, एक दिवस तूच म्हणशील.

बाबांनी विचारलं, जेवला का? मग त्यांनीच फोन ठेवला.

शुक्रवार, २० जून. सनीव्हेल
शाळा सुटली. ठरवलं, आता वाट पाहायची नाही, स्वतः जाऊन दोघींना घेऊन यायचं. दोन दिवस ड्राइव्ह केलं. मागची सीट सामानासाठी रिकामी.

घर तेच. दाराला माझी किल्ली लागली, बरं वाटलं. माझं डेस्क होतं तिथे प्रणिताची पुस्तकं आहेत, ती कसल्याशा सर्टिफिकेशनची परीक्षा देते आहे. राधिका तीन इंच वाढली. तिचा आवडता रंग जांभळा. पहिलीपासून, म्हणाली.

जेवणं झाल्यावर विषय काढला. खोली तयार आहे, शाळा चांगली आहे, ऑगस्टपर्यंत शिफ्ट होऊ. प्रणितानं सगळं ऐकून घेतलं. भांडली असती तर मला उत्तरं देता आली असती, तयारी होती. ती म्हणाली, त्या चौदा महिन्यांत मी काय करत होते, तुम्ही कधी विचारलं नाही.

मग विचारलं. तिनं सांगितलं. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या काकूंकडे दर रविवारी सकाळी आठला माझा यायचा. ती साडेसातलाच जाऊन त्यांच्या हॉलमध्ये बसायची. एका रविवारी आला नाही. काकूंनी दोनदा चहा दिला, मग त्यांच्याकडे पाहुणे आले, त्यांनी विचारलं, ही कोण? काकू म्हणाल्या, नवरा अमेरिकेत असतो, फोनची वाट पाहते. ती बारापर्यंत बसली. गल्लीत जो तो विचारायचा, कधी जाणार? रोज नवीन तारीख सांगायची. शेवटी गल्लीतून जाणंच सोडलं.

तो रविवार मला आठवला. रूममेट्सबरोबर टाहोला बर्फ बघायला गेलो होतो. लाइन लागत नव्हती, असं नंतर सांगितलं होतं.

ती म्हणाली, तेव्हा वाट पाहण्याशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं. आता येतं. राग नाही. पण तुम्ही आमच्यासाठी खोली अडवून ठेवू नका.

मी म्हणालो, मग मीच परत येतो. ती म्हणाली, ते तुम्ही आज दमलेले आहात म्हणून म्हणताय. मग कपाटातून स्वच्छ टॉवेल काढून दिला आणि विचारलं, किती दिवस आहात?

रविवारपर्यंत, म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. अरुण केव्हाही परत घेईल. मला 'कायमचा' म्हणायचं होतं.

ती म्हणाली, उद्या माझी शिफ्ट आहे, राधिकाला पोहायला न्याल का?

शनिवार, २१ जून
नेलं. पूलच्या काउंटरवर बाई होत्या. राधिकाला नावानं ओळखत होत्या. माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? मी तोंड उघडायच्या आत राधिका म्हणाली, 'माय डॅड. ही इज व्हिजिटिंग.'

सहज म्हणाली. टोमणा वगैरे काही नाही. आणि लगेच पाण्याकडे पळाली.

बाईंनी माझ्या मनगटाला कागदाची पिवळी पट्टी बांधली. वर लिहिलं होतं, व्हिजिटर, फक्त आजचा दिवस. पट्टी चांगली आहे. तासभर पाण्यात होतो, निघाली नाही.